मतदानाचं वय सोळा करावं का?

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी शासकीय नोकर. मत कोणाला द्या, हे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. पण मत कोणत्या वयात मिळावं, यावर बोलायला हरकत नसावी.

राज्यघटनेने आधी २१ वर्षं ठरवली होती. ६१व्या घटनादुरुस्तीने मार्च १९८९ मध्ये ती १८ झाली. १९८४ला विशीतले म्हणून घरी बसलेले काही काका इथे असतील. पुढच्याच निवडणुकीत त्यांच्या धाकट्या भावांनी अठराव्या वर्षी बोटाला शाई लावून घेतली!

ऑस्ट्रियाने २००७ मध्ये हे वय १६ केलं. ब्राझीलमध्ये १६-१७ वर्षांच्या मुलांना मतदान ऐच्छिक आहे. स्कॉटलंडमध्ये २०१४च्या सार्वमतात सोळा वर्षांच्या मुलांनी मत दिलं. त्यांच्या बाजूचा एक मुद्दा मला पटतो. सोळाव्या वर्षी मूल घरी असतं, आईवडिलांबरोबर केंद्रावर जातं. अठराव्या वर्षी ते घर सोडतं.

आपल्या इंदूरच्या घरांतच बघा ना. बारावी झाली की पुणे, नाहीतर बंगळूर. यादीत नाव घालायचं राहतं, मग नोकरी लागते, आणि पंचविशी आली तरी पहिलं मत पडलेलं नसतं. निवडणूक ड्युटीत मी पाहतो, आजी काठी टेकत येतात आणि नातवाचं नाव यादीतच नसतं.

तरीही सोळाला माझा होकार नाही. ज्या वयात कायद्याने करार करता येत नाही, त्या वयातलं मत बहुतेक घरांत बाबाच ठरवतील. आणि हातात असलेलं अठराचं मत वाया जातंय, त्याचं काय?

त्यावर सोय आहे. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरत. २ जानेवारीला अठरा झालेला वर्षभर थांबायचा. २०२२पासून जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार महिन्यांची पहिली तारीख धरतात. सतरा पूर्ण झाली की फॉर्म ६ आगाऊ भरता येतो, म्हणजे घर सोडण्याआधीच. वसतिगृहात राहणाऱ्यांनी घरचा पत्ता द्यावा की तिथला, ते आपलं आपण ठरवावं. नाव मात्र एकाच ठिकाणी.

आरतीनंतर मी मागच्या खोलीत बसतो आहे. सतरा पूर्ण झालेल्यांनी मोबाइल, दहावीची मार्कशीट, पत्त्याचा पुरावा आणि एक फोटो घेऊन यावं. फॉर्म मोबाइलवरच भरू.