नांदायला येण्याची नोटीस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास-शिबिरातल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



'वसाहतवाद, स्त्री आणि धर्म' या विषयावर इतकी वर्षं काय काम केलं ते सांगा, असं तुम्ही मला कळवलंत. पत्रिकेवर विषय छापलेला पाहून मलाच दडपण आलं. खरं सांगायचं तर माझं बरंचसं संशोधन एका कागदाभोवती फिरत राहिलं, आणि तो कागद कुठल्या दफ्तरखान्यातला नव्हे, आमच्या आजीच्या ट्रंकेतला.

१९५८ साल. मी सात वर्षांची होते. मावशी सासरहून निघून आली होती. का आली ते मुलांना कोण सांगतं? पण तिच्या दंडावरचे वळ आम्ही पाहिले होते. दिवाळीच्या आधी तिच्या नवऱ्याच्या वकिलाची नोटीस आली. अमुक दिवसांत नांदायला ये, नाही तर कोर्टात दावा लावू. आजोबांनी ओसरीवर बसून ती दोनदा वाचली. गावातल्या एका जाणत्या गृहस्थांनी सांगितलं, कोर्टाचा हुकूम झाला आणि मुलगी गेली नाही तर पोलीस येतील, तिला तुरुंगात घालतील. आठ दिवसांच्या आत आजोबा तिला एस.टी.ने पोचवून आले. आजीने बरोबर लाडवांचा डबा दिला होता. नऊ वर्षांनी मावशी परत आली ती कायमची. त्या नऊ वर्षांबद्दल ती कधी बोलली नाही.

१९७३ साली एम.ए. झाले तेव्हा मला एकोणिसाव्या शतकातल्या कोर्टांमधल्या बायकांवर प्रबंध लिहायचा होता. मार्गदर्शक म्हणाले, "हा विषय समाजकार्याचा, इतिहासाचा नव्हे." मी गुपचूप जमीन-महसुलाचा विषय घेतला. राग आला होता, पण ती वर्षं अगदीच फुकट गेली नाहीत. मोडी शिकले. माणसाने तोंडाने सांगितलेली गोष्ट साहेबाच्या कागदावर जाताना कशी बदलते, काय गळतं, हे महसुलाच्या दफ्तरानेच मला शिकवलं.

मग १९८५ साली शाहबानोचा निकाल लागला, १९८६ साली तो पुसणारा कायदा आला, १९८७ साली देवराळ्याला रूपकुंवरला जाळलं. आपण सगळ्या रस्त्यावर होतो. समोरचे दोन्हीकडचे लोक एकच वाक्य म्हणत होते, हा आमचा धर्म आहे, यात पडू नका. माझ्यातल्या महसूलवालीला प्रश्न पडला, हे 'आमचं' नक्की कुठल्या साली, कुणाच्या सहीने आमचं झालं? मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आणि हायकोर्टाच्या जुन्या छापील निकालांत मी त्यासाठी जाऊन बसले. उशीर झाला होता. छत्तीस वर्षांची होते, घरी दोन मुलं होती, शनिवारची पहाटेची गाडी पकडून जायचं.

सुरुवात रखमाबाईंपासून केली. त्यांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. अकराव्या वर्षी लग्न झालं. सासरी नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ साली नवरा दादाजी भिकाजी याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला, १८८६ साली अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला, एका महिन्यात नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी काम केलं.

हे सगळं मी शाळेपासून 'सुधारक विरुद्ध सनातनी' असं वाचत आले होते. टिळकांचा 'केसरी' दादाजीच्या बाजूला, म्हणजे ती बाजू धर्माची. दुसरी बाजू इंग्रजी विचारांची. निकालपत्र समोर आलं तेव्हा ही मांडणीच उलटीपालटी झाली. नांदायला लावण्याचा हा दावा मुळात आला कुठून? तर इंग्लंडातल्या चर्चच्या कोर्टातून! नवराबायकोने एकत्र राहिलंच पाहिजे, न राहील त्याला धर्मगुरूंचं कोर्ट हुकूम करील, असा तिथला जुना प्रकार. पिन्हींनी नेमकं हेच दाखवलं होतं, की हिंदू कायद्यात असा दावा नाही, तो आम्ही इंग्लंडातून आणला. बायकोने नवऱ्याकडे राहावं हे आपल्या शास्त्रांनी हवं तेवढं सांगितलंय, मी त्यांची वकिली करत नाही. पण त्यासाठी दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा आणि मागे तुरुंग, ही जोडणी साहेबाची. ज्या १८८४ साली दादाजीने दावा लावला त्याच साली इंग्लंडने आपल्या बायकांसाठी ती तुरुंगाची शिक्षा काढून टाकली होती. आणि इथे पुण्या-मुंबईत धर्म वाचवायचा म्हणून मंडळी ज्या गोष्टीसाठी भांडत होती, ती विलायतेहून बोटीने आलेली!

मग मी इतर धर्मांकडे वळले. पारशांच्या १८६५च्या कायद्यात हाच दावा. मुसलमानांसाठी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८६७ साली शमसुन्निसा बेगम यांच्या खटल्यात मान्य केला तोही हाच. ख्रिश्चनांसाठी १८६९च्या कायद्यात, पुन्हा हाच. एकच नाणं चार वेगवेगळ्या बटव्यांत टाकलं, आणि प्रत्येक जमातीचे पुढारी ते बाहेर काढून म्हणायला लागले, हे आमच्या पूर्वजांचं.

पण माझी झोप उडवली ती दुसऱ्याच एका बाईने. रखमाबाई शिकलेल्या होत्या, टाइम्स ऑफ इंडियात त्यांनी 'एक हिंदू स्त्री' या नावाने पत्रं लिहिली होती. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला. हायकोर्टाच्या १८६४च्या निकालांत मला बाई रूपा भेटली, गुजरातेतल्या तळपदा कोळी जातीची. त्या जातीत पहिल्या नवऱ्याला सोडून बाई दुसऱ्याशी नातरा करू शकत असे, नवऱ्याची परवानगी नसली तरी. आपल्याकडे पाट आणि काडीमोड, तसंच काहीसं. रूपाने तेच केलं. हायकोर्टाने ठरवलं की ही रूढी अनीतीची आहे, आम्ही ती मानत नाही. म्हणजे रूपाचा पहिला नवरा कायम, आणि दुसरं लग्न हा दंडसंहितेखालचा गुन्हा. १८७६ साली शंभू रघू खटल्यात त्याच कोर्टाने आणखी सांगितलं की लग्न मोडण्याचा किंवा नवऱ्याच्या संमतीशिवाय दुसरं लावू देण्याचा अधिकार जातीला नाही.

जातपंचायती म्हणजे बायकांची माहेरघरं होती असं कुणी समजू नका. त्या काय होत्या आणि आहेत हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पण कष्टकरी जातींतल्या बायकांना जी एक फट होती ती बुजवली गेली, आणि वरच्या जातींचं न सुटणारं लग्न सगळ्यांचा 'हिंदू धर्म' म्हणून पक्कं झालं. १८५६चा विधवा-पुनर्विवाहाचा कायदा आपण सुधारणा म्हणून शिकलो. त्याच्या दुसऱ्या कलमाने पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गेला. मुंबई हायकोर्टाने हे कलम ज्या जातींत पाट आधीपासून होताच त्यांनाही लावलं.

रूपाचं स्वतःचं म्हणणं मात्र मला सापडलं नाही. निकालात तिचं नाव आहे, ती का निघून गेली ते नाही. मी अजून तिथेच अडकलेली आहे म्हणा ना.

हे मी परिषदांमध्ये मांडायला लागले तेव्हा दोन्ही बाजूंनी मार बसला. काही म्हणाले, धर्माची बदनामी करता. पुरोगामी मित्र म्हणाले, तुम्ही सुधारकांना खाली ओढता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ नंतर तर प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी उठून विचारायचं, "मुसलमानांचं काय ते बोला!" मी १८६७चा निकाल वाचून दाखवायची. त्यात त्यांना रस नसायचा. समान नागरी कायदा हवा असं आपणच आधी म्हणत होतो, आणि त्याची काठी झालेली पाहून आपल्यातल्याच अनेक जणी थबकल्या, ती भांडणं तुम्हाला आठवत असतील. त्या भांडणात मी एवढंच विचारत होते, समान म्हणजे काय समान? १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून हाच दावा आहे. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात आहे. २०२४ साली उत्तराखंडाने केलेल्या समान नागरी कायद्यातही तो ठेवलाय. इंग्लंडने स्वतः तो १९७० साली रद्द केला.

आपल्याकडे १९८३ साली आंध्र हायकोर्टाने टी. सरिता खटल्यात कलम ९ घटनाबाह्य ठरवलं होतं. बाईच्या शरीरावर तिचाच अधिकार, असा तो विचार. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोजराणी खटल्यात ते कलम कायम केलं. त्यात दावा लावणारी बायकोच होती. नवऱ्याने हुकूमनाम्याला संमती दिली, वर्षभराने एकत्र राहिलो नाही म्हणून त्याच हुकूमनाम्यावर घटस्फोट मागितला. आपल्याकडेही वकील बाईला सांगतात, तूच नांदण्याचा दावा लाव. लावायच्या आधी हा खटला तिला समजावून सांगा.

आता पुन्हा मावशी. १९८९ साली दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या दुरुस्त्या वाचत होते. त्यात दिसलं की नांदायला न जाणाऱ्याला तुरुंगात घालण्याची तरतूद १९२३ सालीच काढून टाकलेली. आमच्या ओसरीवर ती नोटीस वाचली गेली त्याच्या पस्तीस वर्षं आधी! मावशी तेव्हा होती. मी गाडीने उतरले ती थेट तिच्याकडे गेले, सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हणजे आबा उगाच घाबरले." मग थोड्या वेळाने, "तू हे कुणाला सांगू नकोस, आईला वाईट वाटेल." आजी जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

म्हणून तुमच्या केंद्रावर अशी नोटीस घेऊन बाई आली, तर आधी तिला पाणी द्या आणि सांगा की पोलीस येणार नाहीत, तुरुंग नाही, कुणी धरून नेणार नाही. हुकूमनामा झाला तर तिच्या नावावरच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि वर्षभर ती गेली नाही तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं. हे नीट, दोनदा सांगा. बरोबर बाप किंवा भाऊ आला असेल तर त्यालाही बसवून सांगा.

मावशीच्या नोटिशीची झेरॉक्स आणली आहे, नावं झाकून. मधल्या सुट्टीत टेबलावर ठेवते. आता तुमचे प्रश्न घेऊ.