शंभर घरीं ठेवलेला कागद

पुस्तक जाळणें हा टीका बंद पाडण्याचा फार जुना उपाय आहे. परंतु ज्या लेखनाला कागद नाहीं, शाई नाहीं, जें तारांवरून क्षणार्धांत समुद्रापार जातें, तें जाळावयाचें तरी कसें? विसाव्या शतकाच्या अखेरीस एका धर्मसंस्थेपुढें हा प्रश्न उभा राहिला, आणि तिनें त्याचें उत्तर कायद्याच्या कपाटांतूनच काढलें. तें उत्तर म्हणजे कॉपीराइट. ग्रंथकाराच्या श्रमाचें फळ दुसऱ्यानें लुबाडूं नये म्हणून केलेला हा हक्क टीकेच्या तोंडावर हात ठेवण्याच्या कामीं येऊं शकतो काय, या प्रश्नाचा निकाल लागण्यास हॉलंड देशांत दहा वर्षें लागलीं. त्या दहा वर्षांत एक कागद जिवंत राहिला, तो कांहीं साध्या नागरिकांमुळें. त्यांची हकीकत श्रोत्यांस विचार करावयास लावणारी आहे.

प्रथम वादाचें मूळ. सायंटॉलॉजी हा पंथ अमेरिकेंत निघाला. त्याचे प्रवर्तक एल. रॉन हबर्ड हे व्यवसायानें कथालेखक. १९५० सालीं त्यांचें ‘डायनेटिक्स’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें आणि पुढील तीन-चार वर्षांत त्यांतील मानसोपचाराच्या कल्पनांना धर्मसंस्थेचें रूप आलें. हबर्ड १९८६ सालीं वारले. संस्था मात्र आजही अनेक देशांत आहे. या पंथांत साधकाला पायरीपायरीनें वर चढावें लागतें, आणि त्याकरितां द्रव्यही मोजावें लागतें. वरच्या पायऱ्यांवरील शिकवण गुप्त असते. तिच्यांत साडेसात कोटी वर्षांपूर्वीं अनेक ग्रहांवर राज्य करणाऱ्या एका अधिपतीची कथा आहे. संस्थेचें म्हणणें असें, कीं तयारी नसलेल्या माणसानें ही शिकवण वाचल्यास त्याला अपाय होतो. टीकाकारांचें म्हणणें असें, कीं ज्या ज्ञानासाठीं माणसानें आपली पुंजी मोजावयाची, तें काय आहे हें त्याला आधीं कळलें पाहिजे. दीक्षेवांचून मंत्र देऊं नये हा विचार आपल्या देशाला नवा नाहीं. आणि पारखून घेतल्यावांचून गुरु करूं नये, हाही नवा नाहीं.

१९९१ सालीं ‘टाइम’ साप्ताहिकांत या संस्थेवर एक कडक लेख आला. त्यांत स्टीव्हन फिशमन नांवाच्या एका माजी अनुयायाचें म्हणणें दिलेलें होतें. संस्थेनें त्याच्यावर अब्रूनुकसानीची फिर्याद लावली. तेव्हां बचावासाठीं १९९३ च्या एप्रिलमध्यें त्यानें लॉस एंजेलिसच्या न्यायालयांत एक प्रतिज्ञालेख दाखल केला आणि पुरावा म्हणून पंथाच्या गुप्त शिकवणीचीं पानें त्याला जोडलीं. फिशमन हा कोणी साधुपुरुष नव्हता. फसवणुकीच्या गुन्ह्यांत त्यानें तुरुंग पाहिलेला होता. परंतु कागद एकदां न्यायालयाच्या खुल्या दप्तरांत गेला, म्हणजे तो कोणालाही पाहतां येतो. मग आणणारा कसाही असो. हें संस्थेनेंही ओळखलें होतें. तिचे अनुयायी पाळीपाळीनें रोज न्यायालयांत येत, ती फाइल वाचावयास मागून घेत आणि कचेरी बंद होईपर्यंत हातांतून सोडीत नसत. याप्रमाणें दोन वर्षांवर काळ गेला. शेवटीं १९९५ च्या १५ ऑगस्टला न्यायालयानें ती फाइल मोहोरबंद केली. परंतु आदल्याच दिवशीं ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकानें तिची नक्कल मिळविली होती, आणि त्याच्याही आधीं तो मजकूर इंटरनेटवर पोंचला होता.

तो तेथें ठेवणारा आर्नाल्डो लर्मा हा व्हर्जिनिया प्रांतांतील गृहस्थही पूर्वींचा अनुयायीच होता. १२ ऑगस्टला सरकारी अंमलदार न्यायालयाचा हुकूम घेऊन त्याच्या घरीं आले व त्याचा संगणक उचलून घेऊन गेले. दहा दिवसांनीं कोलोराडो प्रांतांतील दुसऱ्या दोघां टीकाकारांवर तोच प्रसंग आला. ‘वॉशिंग्टन पोस्ट’वरही संस्थेनें दावा लावला. लर्मा आणि हें वृत्तपत्र यांच्यावरील दावे एकाच न्यायाधीशाच्या, लिओनी ब्रिंकेमा यांच्या, पुढें चालले, आणि त्यांचा निकाल ध्यानांत ठेवण्याजोगा लागला. वृत्तपत्रानें बातमीच्या ओघांत थोडकीं अवतरणें दिलीं होतीं. तो वाजवी उपयोग ठरला व दावा निघून गेला. लर्मानें मात्र पानेंच्या पानें जशींच्या तशीं उतरवून ठेवलीं होतीं. तो कॉपीराइटचा भंग ठरला आणि १९९६ च्या जानेवारींत त्याला २,५०० डॉलर भरपाई द्यावी लागली. कागद एकच, परंतु त्याचा उपयोग कोणत्या हेतूनें आणि किती प्रमाणांत केला, यावर न्यायाचा कांटा फिरला.

आतां हॉलंडकडे वळावें. तेथें १९९३ पासून ‘एक्सेस फॉर ऑल’, म्हणजे ‘सर्वांना प्रवेश’, अशा अर्थाचें नांव धारण करणारी एक लहानशी कंपनी सामान्य लोकांना इंटरनेटची जोडणी देत असे. तिच्या एका ग्राहकानें फिशमनचा प्रतिज्ञालेख आपल्या पानावर ठेवला. १९९५ च्या ५ सप्टेंबरला संस्थेच्या वतीनें बेलीफ त्या कंपनीच्या कचेरींत आला आणि दाव्याच्या रकमेस तारण म्हणून तेथील यंत्रसामग्रीची मोजदाद करूं लागला. एका ग्राहकाच्या एका पानासाठीं हजारों ग्राहकांच्या यंत्रांवर टांच येऊं शकते, हें त्या दिवशीं डच लोकांना प्रथमच दिसलें.

ही वार्ता कारिन स्पाइंक या लेखिकेच्या कानीं गेली. या बाईंचा जन्म १९५७ सालचा. त्यांना मज्जासंस्थेचा एक दुर्धर विकार जडलेला होता. प्रत्येक रोग माणसाच्या मनांतूनच उपजतो आणि रोगी हाच आपल्या रोगाला कारण, अशी शिकवण देणाऱ्या उपचारपंथांवर त्यांनीं १९९२ सालीं एक टीकाग्रंथ लिहिला होता. दुःखी माणसाच्या असहायतेवर चालणाऱ्या विद्या पारखून घ्याव्या, हा त्यांचा जुनाच विषय. तोच प्रतिज्ञालेख त्यांनीं आपल्या नांवानें आपल्या पानावर ठेवला.

मग जें झालें तें कोणत्याही धनिकाच्या पैशानें होण्यासारखें नव्हतें. एकाचें पाहून दुसऱ्यानें, दुसऱ्याचें पाहून तिसऱ्यानें तो कागद आपापल्या पानावर उतरवून घेतला. पाहतां पाहतां अशा प्रतींची संख्या शंभरांवर गेली. त्यांत एका पार्लमेंट सभासदाचीही प्रत होती. इंटरनेटच्या भाषेंत अशा प्रतीला ‘मिरर’, म्हणजे आरसा, म्हणतात. हें करण्यास फार मोठी विद्या लागत नसे. मजकूर एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत घ्यावयाचा, एवढेंच. लागत होतें तें धैर्य. बेलीफ ज्या कचेरींत येऊन गेला, त्याच कचेरीच्या आश्रयानें पान ठेवावयाचें, तेंही निनांवी नव्हे. दावा लागला तर घरखर्चांतून वकील द्यावा लागेल, हें प्रत्येकाला दिसत होतें. परंतु एका दारावर चिकटवावयाची नोटीस शंभर दारांवर चिकटवावयाची म्हणजे वादीलाही विचार पडतो, आणि हेंच त्या स्वयंसेवकांचें बळ होतें.

दावा लागलाच. १९९६ च्या आरंभीं संस्थेनें स्पाइंकबाई, ती कंपनी आणि जोडणी देणाऱ्या दुसऱ्या अनेक कंपन्या यांस हेगच्या न्यायालयांत ओढलें. या ठिकाणीं बाईंचें एक पाऊल विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. सुनावणीपूर्वींच त्यांनीं तो सबंध प्रतिज्ञालेख काढला आणि त्याच्या जागीं स्वतःचें विवेचन ठेवलें. त्यांत मूळ शिकवणीचा सारांश होता, तीवर टीका होती, आणि टीकेला आधार म्हणून आवश्यक तेवढीं अवतरणें होतीं. उतारा म्हणून ठेवलेला कागद आतां परीक्षणाचा विषय झाला. १२ मार्च १९९६ रोजीं तातडीच्या सुनावणीचा निकाल बाईंच्या बाजूनें लागला.

परंतु तातडीचा निकाल हा शेवटचा निकाल नव्हे. मूळ दावा चालूच राहिला. १९९८ सालीं ती लहान कंपनी देशांतील मोठ्या टेलिफोन कंपनीनें विकत घेतली. तरी तिनें खटला सोडून दिला नाहीं. ९ जून १९९९ रोजीं हेगच्या न्यायालयानें जोडणी देणाऱ्या कंपन्यांना जड जाईल असा निर्णय दिला. तक्रार आली आणि तिच्या खरेपणाबद्दल वाजवी शंका घेण्यास जागा नसली, तर कंपनीनें तें पान काढलें पाहिजे. न काढल्यास ती कंपनीही दोषी. हा नियम वरवर पाहतां सरळ वाटतो. परंतु त्याचा परिणाम काय? कंपनीला लेखकाच्या मताशीं कर्तव्य नसतें. दावा टाळण्यासाठीं ती पान आधीं काढून टाकील आणि विचार मागाहून करील. न्यायाधीशाचें काम अशा रीतीनें हिशेबनिसाच्या टेबलावर येऊन पडतें.

अपील झालें. ४ सप्टेंबर २००३ रोजीं हेगच्या अपील न्यायालयानें संस्थेच्या सर्व मागण्या फेटाळल्या. न्यायालयानें कॉपीराइट नाकारला नाहीं. परंतु युरोपांतील मानवी हक्कांच्या करारानें दिलेलें विचारप्रकटनाचें स्वातंत्र्य आणि कॉपीराइट यांचा झगडा या प्रकरणांत आला असतां स्वातंत्र्याचें पारडें जड आहे, असें त्यानें ठरविलें. या पंथाची शिकवण व संघटना लोकशाहीच्या मूल्यांचा अव्हेर करण्यास कचरत नाहीं, असें त्या कागदांवरूनच दिसतें. तेव्हां ते कागद लोकांपुढें येण्यांत सार्वजनिक हित आहे, असा त्याचा आशय होता. संस्था सर्वोच्च न्यायालयांत गेली; तेथील कायदेसल्लागारानें अपील फेटाळावें असें मत दिल्यावर २००५ च्या उन्हाळ्यांत तिनें अपील मागें घेतलें, आणि १६ डिसेंबर २००५ रोजीं प्रकरण कायमचें मिटलें. बेलीफ आल्यापासून दहा वर्षें आणि तीन महिने लोटले होते.

मध्यंतरीं या झगड्यानें दुसरें रूप घेतलें होतें. नॉर्वेंतील आंद्रेआस हेल्डाल-लुंड यांनीं १९९६ पासून ‘ऑपरेशन क्लॅमबेक’ या नांवाचें सायंटॉलॉजीवर टीका करणारें संकेतस्थळ चालविलें होतें. २००२ च्या मार्चमध्यें संस्थेच्या तक्रारीवरून गूगलनें त्याचीं पानें आपल्या शोधसूचींतून काढलीं. १९९८ च्या अमेरिकन कायद्यानें तक्रारीला उत्तर देण्याची सोय होती. परंतु उत्तर देणाऱ्यानें अमेरिकन न्यायालयाची सत्ता मान्य करावयाची होती, आणि नॉर्वेच्या त्या गृहस्थांना तें पटलें नाहीं. ग्रंथ जागेवर होता, परंतु ग्रंथालयाच्या यादींतून त्याचें नांव खोडलें होतें! तेव्हां पुन्हां अपरिचित माणसेंच धांवून आलीं. त्यांनीं बोभाटा केला, आपापल्या पानांवरून त्या स्थळाचे दुवे दिले. थोड्याच दिवसांत मुखपृष्ठ सूचींत परत आलें, आणि त्यानंतर गूगल आपल्याकडे आलेल्या तक्रारींच्या नकला ‘चिलिंग इफेक्ट्स’ या सार्वजनिक संग्रहाकडे पाठवूं लागलें. तोच संग्रह २०१५ पासून ‘लुमेन’ या नांवानें ओळखला जातो. पान नाहींसें झालें तरी तें कोणाच्या सांगण्यावरून झालें हें आतां वाचकाला पाहतां येऊं लागलें. गुपचूप केलेल्या मनाईपेक्षां उघड मनाईचा दोष कमी, हें उघडच आहे.

या हकीकतीवरून कॉपीराइट हा वाईट हक्क आहे असा निष्कर्ष कोणी काढूं नये. ज्या लेखकाचें पोट लेखणीवर चालतें, त्याचें पुस्तक शंभर ठिकाणीं फुकट ठेवणारा मनुष्य स्वयंसेवक नव्हे, तो चोर. फरक आहे तो हेतूचा आणि प्रमाणाचा. लेखकाला आपलें पुस्तक विकावयाचें असतें, म्हणून त्याला हक्क हवा. जो हक्क पुस्तक कोणी वाचूंच नये म्हणून वापरला जातो, त्याचें नांव तेंच असलें तरी काम कुलपाचें असतें. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांतील ५२ व्या कलमानेंही टीका व परीक्षण यांसाठीं केलेला वाजवी उपयोग, तसेंच न्यायालयाच्या कामासाठीं काढलेली नक्कल, यांस मोकळीक दिली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनें इंटरनेटवरील मजकुराबद्दल तक्रार आल्यास तो २१ दिवस थांबवावा, आणि तेवढ्या मुदतींत तक्रारदारानें न्यायालयाचा हुकूम न आणल्यास पुन्हां खुला करतां यावा, अशी तरतूद केली आहे. हॉलंडांत जो प्रश्न दहा वर्षें लढला गेला, तोच या कलमांच्या मुळाशीं आहे.

डच स्वयंसेवकांनीं न्यायनिवाडा आपल्या हातीं घेतला असें वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः त्यांनीं केलें तें याच्या उलट. न्यायालयाचा शब्द येईपर्यंत वादाचा कागद नष्ट होऊं दिला नाहीं, आपलीं नांवें लपविलीं नाहींत, आणि बोलावणें आल्यावर न्यायालयांत उभे राहण्याची तयारी ठेवली. न्यायाला वेळ लागतो; नाहींसें करण्याला लागत नाहीं. या दोहोंमधील अंतर कोणीतरी भरून काढावें लागतें. तें कधीं एकटी लेखिका भरून काढते; परंतु तिच्या पाठीशीं शंभर घरें उभीं राहिलीं, तरच ती शेवटच्या निकालापर्यंत टिकते.