कुंडीची उन्हाळी नांगरट
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



मातीतल्या किड्यांवर बोलणाऱ्याला ऐकायला एवढी मंडळी आली, याचे श्रेय विषयापेक्षा नंतरच्या प्रसादाला असावे. तरीही आभार.

आपण राहतो ती वस्ती एका तलावाच्या नावाची. राणी दुर्गावतीचे दिवाण अधारसिंह यांनी हा तलाव बांधला असे परंपरा सांगते. पण आज अधारतालची ओळख शेतीच्या विद्येमुळे आहे. १९६४ साली इथे जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ सुरू झाले. १९८९ साली महाराजपूरला तणांवर संशोधन करणारे केंद्र आले, ते आज खरपतवार अनुसंधान निदेशालय म्हणून ओळखले जाते. एवढे ज्ञान दारात असताना आपल्या गच्चीवरच्या कुंडीत मात्र दर वर्षी तीच कीड, त्याच महिन्यात, त्याच झाडावर येते. आपण म्हणतो, यंदा हवा खराब आहे. हवा खराब नसते. कीड बाहेरून आलेलीच नसते, ती मागच्या वर्षीपासून कुंडीतच मुक्कामाला असते.

कुंडी, म्हणजे आपल्या जबलपुरी मराठीत गमला, ही किड्याच्या दृष्टीने फार सोयीची जागा आहे. झाड वर, बिछाना खाली. टोमॅटो, झेंडू, हरभरा यांवर येते ती घाटेअळी, आणि कोथिंबिरीपासून अळूपर्यंत काहीही खाणारी पाने खाणारी अळी, या दोघी पोट भरले की खाली उतरतात आणि दोन-चार इंच मातीत शिरून कोष करतात. कारल्या-काकडीतली फळमाशीची अळी फळातून बाहेर पडून मातीतच कोषात जाते. मिरची आणि गुलाबाची पाने आकसवणारे फुलकिडेही मधली अवस्था मातीत काढतात. गणपतीला आवडणाऱ्या जास्वंदीवर पांढरा कापूस दिसतो तो पिठ्या ढेकूण. आपण पानांवर फवारा मारतो आणि पांढरे दिसेनासे झाले की समाधान मानतो. त्याची अंडी आणि पिल्ले खोडाच्या बुडाशी, सालीच्या फटीत आणि मातीत राहिलेली असतात. मुंग्या त्यांची देखभाल करतात, कारण त्यांच्या अंगातून पाझरणारा गोड रस मुंग्यांना हवा असतो. कुंडीच्या कडेने मुंग्यांची रांग वर जाताना दिसली की ढेकूण शोधायला लागावे.

आता हिवाळ्याचा मुद्दा. बागकामाची परदेशी पुस्तके वाचणाऱ्यांना वाटते की थंडी पडली म्हणजे मातीतली कीड मरते. इंग्लंड-अमेरिकेत ते काही अंशी खरे आहे. तिथे जमिनीपेक्षा कुंडीतली माती लवकर गोठते, कारण थंडी तिला चारी बाजूंनी लागते. आपल्या जबलपूरला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा आठ-दहा अंशांवर उतरतो, क्वचित त्याच्याही खाली. आपण कानटोपी घालतो, शेकोटी करतो. कोषातल्या किड्याला मात्र ही हवा मानवते. त्याची वाढ मंदावते, काही जातींत पुरती थांबते. ही सुप्तावस्था. दुपारचे ऊन पंचवीस अंशांचे, दक्षिणेची भिंत पाठीशी, आणि आपण रोज प्रेमाने घातलेले पाणी. फेब्रुवारीच्या अखेरीस हवा तापली की मुक्काम संपला. तेव्हा आपल्याकडे थंडीवर विसंबून चालत नाही. आपले हत्यार दुसऱ्या टोकाला आहे, ते म्हणजे वैशाखातले ऊन.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे ठाऊक होते. विदर्भात काय किंवा इथे नर्मदेकाठी काय, रब्बीचे पीक निघाले की शेतकरी रान खोल नांगरून उन्हात तापत ठेवतो. इथले कृषी अधिकारी त्याला ग्रीष्मकालीन गहरी जुताई म्हणतात. ढेकळांबरोबर कोष आणि अंडी वर येतात. निम्मी उन्हाने मरतात, उरलेली बगळे आणि साळुंक्या उचलतात. कोकणात भाताच्या रोपवाफ्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. त्या उष्णतेने वरच्या थरातले तणाचे बी आणि पुष्कळशी कीड जाते. १९७६ साली इस्रायलमध्ये याकोव्ह काटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून नुसत्या उन्हाने रोगकारक बुरशी मारून दाखवली. त्याला सोलरायझेशन म्हणतात. शेतात याला चार ते सहा आठवडे लागतात. कुंडीची माती थोडी असते, त्यामुळे काम पुष्कळ लवकर होते. मी याला कुंडीची उन्हाळी नांगरट म्हणतो.

रिकाम्या झालेल्या कुंड्यांची माती एप्रिलच्या अखेरीस, अक्षय तृतीयेच्या सुमारास काढा. गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदावर वीतभरापेक्षा कमी जाडीचा थर पसरा. मुळांचे तुकडे वेचून काढा. मग माती ओली करा, चिखल नको, मुठीत लाडू वळता येईल इतकी. ही पायरी बहुतेक जण गाळतात. कोरड्या मातीत उष्णता आत उतरत नाही, आणि ओलाव्यात कीड नि बुरशी अधिक लवकर मरतात. वर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा विटांनी दाबा. काळे नको, ते स्वतःच तापते आणि ऊन मातीपर्यंत पोचू देत नाही. शक्य असेल तर काड्या आडव्या ठेवून दुसरा पारदर्शक थर घाला, मधल्या हवेने तापमान आणखी चढते. माती अर्धा तास सत्तर अंश किंवा एक तास साठ अंश तापली की काम झाले, पण हे तापमान तळापर्यंत पोचले पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे हवाच बेचाळीस अंशांच्या आसपास असते आणि गच्चीचा स्लॅब खालून भाजतो. तरी घाई करू नका. दोन-तीन आठवडे राहू द्या आणि मधे एकदा माती वरखाली करून पुन्हा ओली करा. रिकाम्या कुंड्याही घासून शेजारीच उन्हात पालथ्या घाला, कारण मातीच्या कुंडीच्या काठाखाली आणि तळाच्या छिद्रात ढेकणाची अंडी असतात.

तापलेल्या मातीत चांगले जीवही कमी झालेले असतात. म्हणून माती गार झाल्यावर तिच्यात पूर्ण कुजलेले खत किंवा गांडूळखत, थोडी निंबोळी पेंड आणि मिळाल्यास ट्रायकोडर्मा मिसळा. कुजलेले हा शब्द मी मुद्दाम जोर देऊन म्हणतो. अर्धे कच्चे शेणखत म्हणजे हुमणी आणि वाळवीला पाठवलेले निमंत्रण.

हुमणीबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, जाड अळी दिसली की आपण ठेचून टाकतो. पण खताच्या ढिगात सापडणारी प्रत्येक पांढरी अळी मुळे खाणारी नसते. तिला फरशीवर ठेवून पाहा. पाठीवर उताणी होऊन सरपटू लागली तर ती फुलभुंग्याची अळी. ती सडका पाला खाते, खतच तयार करते, तिला खताच्या ढिगात परत सोडा. पायांवर चालू पाहणारी किंवा कुशीवर पडून वळवळणारी असेल तर संशय धरावा. हुमणीचे भुंगेरे पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरीनंतर संध्याकाळी बाहेर पडतात, कडुलिंब-बाभूळ-बोरीवर जमतात आणि मातीत अंडी घालतात. अळ्या ऑक्टोबरपर्यंत मुळे खातात. मग कोष होतो, त्यातून भुंगेरा बनतो आणि तो पुढच्या पावसापर्यंत मातीतच बसतो. शेतात तो खोल जातो, कुंडीत त्याला तळाशीच थांबावे लागते. म्हणजे तो आपल्या हाती सापडतो, फक्त कुंडी उलटी करण्याचे कष्ट हवेत.

सगळ्यात चिवट शत्रू डोळ्यांना दिसत नाही. टोमॅटो, वांगे, भेंडी यांची रोपे पाणी असूनही दुपारी माना टाकतात. उपटून पाहावे तर मुळांवर गाठी. ही सूत्रकृमी. मुळांच्या तुकड्यांत आणि मातीत तिची अंडी टिकून राहतात. अशी माती कंटाळून आवारात किंवा तलावाच्या काठी ओतू नका. कुंडीतला रोग आवारात गेला की तो तुमच्या हयातीत निघत नाही. गाठींची मुळे खतात न टाकता वाळवून जाळा, माती मे महिन्यात तापवा आणि पुढच्या हंगामात त्या कुंडीत झेंडू लावा. झेंडूच्या जिवंत मुळांतली द्रव्ये सूत्रकृमीला सोसत नाहीत. निर्माल्यातली झेंडूची फुले मातीत मिसळून हा गुण येत नाही. त्यांचे खत होते, एवढेच.

आता थोडे कटू बोलतो. काही घरांत या सगळ्याला एकच उत्तर असते, दाणेदार औषधाची चिमूट. अनेक वर्षे लोक थिमेट म्हणून फोरेटचे दाणे आणत आणि तुळस, कढीपत्ता, दूर्वा, कोथिंबीर यांच्या कुंडीत सर्रास टाकत. फोरेट हे अतिशय जहाल विष आहे. ते मुळांतून शोषले जाते आणि पानांत येते. त्या तुळशीचे पान आपण तीर्थात घालतो, त्या कोथिंबिरीची चटणी नातवंडे खातात. केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटवर देशात पूर्ण बंदी घातली. जुना डबा माळ्यावर असेल तर तो मुलांच्या हाती लागणार नाही असा बंद ठेवा आणि त्याचे काय करायचे ते कृषी विभागाला विचारा. नाल्यात ओतू नका. दुकानदार दुसऱ्या नावाचे काही देत असेल तर खाण्याच्या झाडाला ते नकोच. मला विचाराल तर फुलझाडालाही नको.

आणि मातीत झोपलेला प्रत्येक किडा मारायचा नसतो. गाजरगवत, आपली चटक चांदणी, भारतात पहिल्यांदा नोंदली गेली पुण्यात, १९५५ च्या सुमारास. तिच्यावर उपाय म्हणून मेक्सिकोतून एक भुंगा आणून १९८४ साली बंगलोरला सोडला गेला. पिवळट पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघा असलेला तो भुंगा पावसाळ्यात गाजरगवत फस्त करतो आणि पावसाळा सरल्यावर मातीत शिरून पुढच्या पावसाची वाट पाहतो. आपल्या शेजारचे निदालय हा भुंगा लोकांपर्यंत पोचवण्याचे काम करत आले आहे. आवाराच्या कडेची कुंडी उलटताना तो सापडला तर त्याला शेजारच्या सावलीतल्या मातीत ठेवून द्या.

मे महिन्याला अजून आठ महिने आहेत, मग आत्ता काय करायचे? अनंत चतुर्दशीनंतर पावसाळी वेल संपतात. ते मुळासकट काढा. गळलेली, किडलेली कारली-काकड्या मातीत पुरू नका, ते म्हणजे फळमाशीला घर बांधून देणे. पिशवीत घट्ट बांधून चार-आठ दिवस उन्हात ठेवा, मग टाका. दिवाळीची सफाई चालते तेव्हा कुंड्यांखालच्या विटाही उचला, गोगलगाई तिथेच असतात. पौषात एखाद्या सकाळी रिकाम्या कुंडीची माती वर्तमानपत्रावर ओता. लालसर तपकिरी, कॅप्सूलसारखे, बोट लावताच शेपटी हलवणारे कोष सापडतील. ते वेचून साबणाच्या पाण्यात टाका किंवा कठड्यावर ठेवा, साळुंक्या दहा मिनिटांत हिशेब पुरा करतात. नर्सरीतून आणलेले रोप पंधरा दिवस इतर कुंड्यांपासून दूर ठेवा आणि लावताना मुळे पाहून घ्या. मृगाचा पाऊस पडला की गच्चीच्या दिव्याखाली येणारे भुंगेरे साबणाच्या पाण्यात जमा करा. एक मादी गेली की पुढची सगळी पिलावळ टळली.

विसर्जनाच्या शाडूबद्दल काही भगिनींनी आधीच विचारून ठेवले आहे. घरच्या बादलीत विरघळलेला शाडू कुंडीत घालायला हरकत नाही, पण ओंजळ-दोन ओंजळी, तोही वाळवून, चुरून आणि खतात मिसळून. शाडू फार चिकट असतो. एकट्याने कुंडी भरली तर पाणी निचरत नाही, मुळे कुजतात, आणि ओल्या मातीवर घोंगावणारी बारीक चिलटे घरभर होतात. रंगवलेल्या मूर्तीची माती मात्र खाण्याच्या झाडाला घालू नका. तिच्यात जास्वंद लावा.