मीटिंगला बसायला कोणी नाही : अमेरिकेतल्या बातम्या आणि तिथला मतदार

आजचा विषय आहे अमेरिकेचं राजकारण. थांबा, लगेच स्किप करू नका. ट्रम्प काय म्हणाले, फॉक्सवाले काय म्हणाले आणि त्यावर सीएनएनवाले काय म्हणाले, यातलं मी आज काहीही सांगणार नाहीये. ते तुमच्या फीडवर रोज येतंच. मला बोलायचंय ते फीडवर जे येत नाही त्याबद्दल. अमेरिकेत मीडियामुळे राजकारण कसं बदलतं असा प्रश्न आला की सगळे टीव्हीवरच्या आरडाओरड्याकडे बोट दाखवतात. मला वाटतं, जिथे एकही बातमीदार जात नाही त्या जागांनी तिथल्या राजकारणाचं जास्त नुकसान केलंय.

तर, लॉस एंजेलिसच्या जवळ बेल नावाचं एक गाव आहे. गाव म्हणजे कागदावर शहर, पण वस्ती जेमतेम ३५-३६ हजार. बहुतेक लोक लॅटिनो, कष्टकरी, घरात स्पॅनिश बोलणारे. २००५ मध्ये या बेलमध्ये एक विशेष निवडणूक झाली. प्रश्न असा की शहराने स्वतःची सनद घ्यावी का, म्हणजे थोडक्यात स्वतःचे नियम स्वतः करावेत का. ऐकायला किती छान! स्वायत्तता वगैरे. मतदानाला किती लोक आले असतील? ४०० सुद्धा नाही. छत्तीस हजारांच्या गावात चारशेपेक्षा कमी मतं पडली आणि ठराव पास.

आता यात गंमत अशी, की त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने नगरसेवकांच्या मानधनावर मर्यादा घालणारा कायदा केला होता. पण स्वतःची सनद असलेल्या शहरांना तो लागू नव्हता. कळलं ना? स्वायत्ततेच्या नावाखाली पगाराचं कुलूप उघडलं गेलं.

पुढची पाच वर्षं काय झालं हे गावाला माहीतच नव्हतं. २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सचे दोन पत्रकार, जेफ गॉटलिब आणि रुबेन व्हाइव्हज, खरं तर शेजारच्या मेवूड नावाच्या गावाची बातमी करत होते. ते करता करता त्यांना बेलचा धागा लागला. कागदपत्रं मागितली आणि जुलै महिन्यात बातमी आली. शहराचे व्यवस्थापक रॉबर्ट रिझो यांचा वर्षाचा पगार ७,८७,६३७ डॉलर. तेव्हाच्या दराने साडेतीन कोटी रुपयांच्या वर. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा पगार चार लाख डॉलर असतो, म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट. पोलीस प्रमुखांना साडेचार लाखांच्या वर. आणि नगरसेवक, ज्यांचं काम अर्धवेळ, त्यातल्या बहुतेकांना वर्षाला एक लाखाच्या आसपास. एवढ्या लहान शहरात हे मानधन महिन्याला चारशे डॉलरच्या घरात असतं! मग एवढे पैसे आले कुठून? वेगवेगळ्या समित्या काढल्या होत्या, त्यांच्या मीटिंगा दोन-चार मिनिटं व्हायच्या किंवा व्हायच्याच नाहीत, पण प्रत्येक समितीचा भत्ता चालू. आणि मालमत्ता कराचा दर? बेव्हर्ली हिल्सपेक्षा जास्त. जिथे हॉलीवूडचे स्टार राहतात त्यांच्यापेक्षा जास्त दराने हे कष्टकरी लोक कर भरत होते.

बातमी आल्यावर आठवड्याभरात रिझो आणि पोलीस प्रमुखांना पद सोडायला लागलं. लोकांनी एक संघटना काढली, तिचं नाव ‘बास्ता’. स्पॅनिशमध्ये बास्ता म्हणजे ‘पुरे झालं’. आपल्या ‘बास आता’सारखंच, नाही का? मार्च २०११ मध्ये त्याच गावातल्या लोकांनी जोरदार मतदान करून नगरसेवकांना घरी पाठवलं. वृत्तपत्राला पुलित्झर मिळालं, रिझोला २०१४ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली.

मला या गोष्टीत रिझोपेक्षा त्या मतदारांमध्ये जास्त इंटरेस्ट आहे. २००५ मध्ये मतदानाला न आलेले आणि २०११ मध्ये आलेले लोक साधारण तेच आहेत. तेच गाव, तीच भाषा, तेवढंच शिक्षण. मधे फक्त एक बातमी आली. ‘लोकांना काही पडलेलीच नसते’ असं आपण चहाच्या टपरीवर जे ठोकून देतो ना, ते बेलला लावून बघा. बसत नाही. त्यांना सांगितलंच नव्हतं कोणी. शहराच्या सभांना नेमाने येऊन बसणारा बातमीदार तिथे नव्हता.

तुम्ही म्हणाल, एका गावाची गोष्ट सांगून तू अख्ख्या अमेरिकेबद्दल कसा बोलतोस? रास्त शंका आहे, मी पण कोड रिव्ह्यूमध्ये हेच विचारतो. तर जेम्स स्नायडर आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग या दोन संशोधकांनी २०१० मध्ये एक भारी अभ्यास प्रसिद्ध केला. मला तो आवडतो कारण तो चुकून झालेल्या ए-बी टेस्टसारखा आहे. अमेरिकेत पेपर कुठे खपतो हे ठरतं शहर आणि त्याच्या आसपासच्या बाजारावरून. संसदेच्या मतदारसंघाच्या रेषा मात्र वेगळ्याच कारणांनी ओढलेल्या असतात. काही ठिकाणी या दोन्ही रेषा बऱ्यापैकी जुळतात. तिथे पेपरला स्थानिक खासदाराबद्दल लिहिणं परवडतं, कारण बहुतेक वाचक त्याचेच मतदार. जिथे जुळत नाहीत तिथे एका पेपरच्या वाचकांचे पाच-सहा खासदार, मग कोणाबद्दल किती लिहिणार? निष्कर्ष असा, की जिथे रेषा जुळत नाहीत तिथल्या लोकांना आपल्या खासदाराचं नावही कमी आठवतं. आणि पुढचं बघा, तिथले खासदार आपल्या भागासाठी कामही कमी करतात, केंद्राचा पैसाही तिथे कमी येतो. माणूस वाईट म्हणून नाही. कोणी बघत नाही म्हणून.

दुसरा एक अभ्यास सिनसिनाटीचा. तिथला ‘सिनसिनाटी पोस्ट’ ३१ डिसेंबर २००७ ला बंद पडला. नदीपलीकडच्या केंटकीतल्या उपनगरांमध्ये तोच जास्त वाचला जायचा. तो गेल्यावर तिथे निवडणुकीला उभे राहणारे कमी झाले, मतदान घटलं, खुर्चीत बसलेल्यांचं परत निवडून येणं सोपं झालं. नमुना लहान आहे, हे अभ्यास करणारे स्वतःच सांगतात, त्यामुळे यावर फार मोठी इमारत बांधू नका. पण दिशा तीच.

आणि पेपर बंद पडणं थांबलेलं नाही. २००५ पासून अमेरिकेतले एक तृतीयांशाहून जास्त पेपर गेले, त्यातले बरेचसे लहान साप्ताहिकं. जाहिराती गुगल-फेसबुककडे गेल्या, छोट्या जाहिराती वेबसाइटवर फुकट झाल्या, आणि शेरीफ, जज, शाळेचं मंडळ यांच्या बातम्या देणारा माणूस पगाराअभावी गेला. तिथली मतपत्रिका आपल्यासारखी एका नावाची नसते हे लक्षात घ्या. राष्ट्राध्यक्षापासून खाली स्कूल बोर्डापर्यंत लांबलचक यादी. वरच्या दोन नावांबद्दल टीव्ही दिवसभर बोलतो. खालच्या वीसांबद्दल कोण बोलणार? मग माणूस पक्ष बघून खालीपर्यंत टिक करत जातो. २०१६ मध्ये सिनेटच्या ३४ जागांसाठी निवडणूक झाली, आणि प्रत्येक राज्यात राष्ट्राध्यक्षपदासाठी जो पक्ष जिंकला त्याच पक्षाचा सिनेटर आला. एकही अपवाद नाही. असं आधी कधी झालं नव्हतं.

आता इथे माझ्याच मुद्द्याला भोक पाडणारी एक गोष्ट सांगतो. बातमी छापून आली की काम झालं, असंही नाही.

जॉर्ज सँटोस आठवतात? २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड आणि क्वीन्सच्या काही भागातून निवडून आले. गोल्डमन सॅक्समध्ये काम केलं, सिटीग्रुपमध्ये केलं, अमुक कॉलेजातून डिग्री, सगळं रेझ्युमेवर. आणि सगळं खोटं. न्यूयॉर्क टाइम्सने ते उघड केलं १९ डिसेंबर २०२२ ला. निवडणूक होती ८ नोव्हेंबरला. म्हणजे सहा आठवडे उशीर!

पण एका पेपरने आधीच लिहिलं होतं. ‘नॉर्थ शोअर लीडर’ नावाचं स्थानिक साप्ताहिक. त्यांनी सप्टेंबरमध्येच विचारलं, की दोन वर्षांपूर्वी ज्याच्याकडे काही मालमत्ता दिसत नव्हती तो अचानक १.१ कोटी डॉलरपर्यंतची मालमत्ता कशी काय दाखवतोय? हे साप्ताहिक तसं रिपब्लिकनांकडे झुकणारं, सँटोसही रिपब्लिकन. तरी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अग्रलेखात डेमोक्रॅट उमेदवाराला पाठिंबा दिला आणि सँटोसना सरळ बनावट म्हटलं. छोटा पेपर, पण मणका ताठ.

आमच्या भाषेत सांगायचं तर अलर्ट वाजला होता, ऑन-कॉलवर कोणी नव्हतं. न्यूयॉर्क म्हणजे अमेरिकेच्या मीडियाची राजधानी. मोठमोठ्या न्यूजरूम तिथून तासाभराच्या अंतरावर. ती बातमी उचलून कोणी पुढे नेली नाही. पूर्वी साप्ताहिकातली बातमी दैनिकाचा स्थानिक बातमीदार वाचायचा, मग ती टीव्हीपर्यंत जायची. ती मधली पायरीच झिजलीये. सँटोस साधारण आठ टक्क्यांनी जिंकले.

आणि परिणाम फक्त त्या भागापुरता नव्हता. त्या वेळी हाउसमध्ये रिपब्लिकन २२२, डेमोक्रॅट २१३. जानेवारी २०२३ मध्ये सभापती निवडायला १५ फेऱ्या लागल्या, एकेका मताची मारामार. १ डिसेंबर २०२३ ला सभागृहाने सँटोसना ३११ विरुद्ध ११४ मतांनी काढून टाकलं. पुढे गुन्हा कबूल केला, सव्वासात वर्षांची शिक्षा झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ती माफ केल्यामुळे बाहेरही आले. फेब्रुवारी २०२४ च्या पोटनिवडणुकीत मात्र त्या मतदारांनी टॉम सुओझी या डेमोक्रॅटला निवडलं. बेलसारखंच. माहिती मिळाल्यावर लोकांनी निर्णय बदलला.

हे सगळं आपल्याला कशाला, असं वाटत असेल तर जर्सी सिटीकडे बघा. भारतीय दुकानांची अख्खी गल्ली आहे तिथे, आणि आपल्यातल्या कित्येकांचे दादा-वहिनी त्या भागात राहतात. सिटिझन झालेले मतही देतात. ‘जर्सी जर्नल’ हा तिथला दीडशे वर्षांहून जुना पेपर फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाला. त्याच वेळी ‘स्टार-लेजर’ची छापील आवृत्तीही थांबली. नोव्हेंबरमध्ये तिथे महापौरपदाची निवडणूक होती. माझा एक मावसभाऊ त्या बाजूला राहतो. त्याला विचारलं, उमेदवारांबद्दल कुठे वाचलंस? म्हणाला, घरी आलेली प्रचाराची पत्रकं आणि बिल्डिंगचा व्हॉट्सअॅप ग्रुप. हा माणूस फोन घेण्याआधी चौदा रिव्ह्यू बघतो.

काही ठिकाणी लोक ना-नफा तत्त्वावर स्थानिक वेबसाइट चालवतायत, वर्गणी आणि देणग्यांवर. मोठ्या शहरांत ते जमतंय. बेलएवढ्या गावात, जिथे वर्गणी भरणारे कमी आणि जाहिरात देणारं दुकान एखादंच, तिथे हे गणित अजून कोणाला सुटलेलं दिसत नाही.

अमेरिकेत राहणारं कोणी ऐकत असेल तर एक काम करा. तुमच्या सिटी कौन्सिलची किंवा स्कूल बोर्डाची पुढची मीटिंग कधी आहे ते शोधा आणि तिथे बातमीदाराच्या खुर्चीवर कोणी बसलेलं असतं का, ते मला व्हॉइस नोटवर कळवा. आलेल्या नोट्स पुढच्या भागात ऐकू.