ताप उतरल्यानंतर



दुखण्यातून उठलेल्या माणसाला पाहावयास जाण्याची आपल्याकडे रीत आहे. पाहुणा मोसंबी पुढे ठेवतो, "आता ताप नाही ना?" असे विचारतो, आणि "ताप नाही, नुसता अशक्तपणा आहे" असे उत्तर मिळाले म्हणजे दोघांचेही समाधान होते. त्या 'नुसता' या शब्दाविषयी आज आम्हांला बोलावयाचे आहे.

अशक्तपणा हा शब्द आपण दोन अगदी निराळ्या गोष्टींना लावतो. जिना चढून आल्यावर अंग गळून जाते, ही एक. आणि जिना चढण्यासाठी पाऊलच उचलत नाही, ही दुसरी. पहिलीत माणूस थकलेला असतो. दुसरीत मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचत नसतो. भाषेने दोहोंना एकच नाव दिल्यामुळे घरचे लोक फसतात, आणि डॉक्टर फसत नाहीत असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. काही वर्षांपूर्वी याच घोडबंदर रोडवर, वाघबीळच्या पुढे राहणारे एक गृहस्थ तापातून उठल्यावर आठ दिवसांनी आमच्याकडे आले. म्हणाले, "चालताना चप्पल पायातून निसटते, आणि निसटली तरी कळत नाही." आम्ही हसलो. दूध-अंडी घ्या, आठवड्याने या, असे सांगून त्यांना वाटेला लावले. तिसऱ्या दिवशी त्यांना खुर्चीवरून उठता येईना. पुढे ते बरे झाले. पण स्वतःच्या पायांनी जिना चढण्यास त्यांना पाच महिने लागले. गुडघ्यावर हातोडी मारून पाहण्यास त्या दिवशी आम्हांला अर्धे मिनिटही लागले नसते.

त्या दुखण्याचे नाव गियाँ-बारे. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, गियाँ, बारे आणि स्त्रोल या तिघा फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या बाबतीत त्याचे वर्णन केले. हातापायांतील बळ गेलेले, गुडघ्याचा झटका नाहीसा झालेला, आणि पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात प्रथिन वाढलेले असूनही पेशी मात्र वाढलेल्या नाहीत, असा तो चमत्कारिक मेळ होता. तिसऱ्या डॉक्टरचे नाव पुढे गळून पडले. उरलेल्या दोघांचे आमच्या वर्तमानपत्रांनी 'गुइलेन बॅरे' केले आणि लोकांनी 'जीबीएस'. असो.

विषाणू अंगात शिरला म्हणजे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. काही जंतूंच्या अंगावरचा एखादा अंश आपल्या मज्जातंतूंवरील अंशाशी इतका मिळताजुळता असतो, की जंतूसाठी घडविलेले हत्यार मज्जातंतूंवरच चालते. चोर सोडून संन्याशाला सुळी, तसा हा प्रकार. हत्यार घडावयास वेळ लागतो. म्हणून हे दुखणे ऐन तापात सहसा येत नाही. ताप उतरतो, मोसंबी येऊन जातात, माणूस कामावर जाण्याच्या गोष्टी बोलू लागतो, आणि अशा दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत ते उगवते. इन्फ्लुएन्झा, डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका, कोविड यांच्या मागोमाग असे रुग्ण आढळले आहेत. प्रमाण फार थोडे आहे. लाख वस्तीत वर्षाकाठी एक-दोन. तेव्हा प्रत्येक तापानंतर धास्ती घेण्याचे कारण नाही.

परंतु २०२५ च्या जानेवारीत पुण्यास सिंहगड रोडच्या बाजूला, किरकटवाडी, नांदोशी, धायरी या भागांत हे दुखणे एकदम उसळले. पाहता पाहता रुग्ण दोनशेच्या वर गेले. तेथे मुख्य आरोपी विषाणू नव्हता. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब करणारा जीवाणू पुष्कळ रुग्णांत सापडला. काहींत नोरोव्हायरस हा विषाणूही मिळाला. आणि संशयाचे बोट पाण्याकडे वळले. आधी पोट बिघडावे, ते बरे व्हावे, आणि मग पाय जावेत, असा तो क्रम होता. सिंहगड रोड आणि आमचा घोडबंदर रोड ही सख्खी भावंडेच म्हणावयाची. कालपर्यंत गावे होती, आज मनोरे आहेत; मनोरे लवकर आले, नळ मागून आले, आणि टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या सोसायट्या आमच्याकडेही आहेत. टाकी केव्हा धुतली हे सोसायटीच्या सभेत विचारणारा माणूस भांडखोर ठरतो. तो खुशाल ठरो.

आता घरी ओळखावे कसे? बहुधा दोन्ही पावलांत मुंग्या येतात, कधी पाठ दुखते, मग दोन्ही पायांतील बळ जाऊ लागते आणि ही कमजोरी वर चढते. तापातून उठलेल्या माणसाला हात न टेकता खुर्चीवरून उठावयास सांगावे. टाचांवर आणि मग चवड्यांवर चार पावले चालावयास सांगावे. थकलेला माणूस कुरकुरत का होईना, हे करतो. बळ गेलेल्याला ते करताच येत नाही, आणि काल येत होते ते आज येत नाही, हे तर फारच महत्त्वाचे. चेहरा वाकडा होणे, घास अडकणे, बोलताना धाप लागणे, ही याच्या पुढची पायरी. चार-पाच रुग्णांत एकाला श्वासासाठी यंत्र लागते. एका दमात मोठ्याने आकडे मोजावयास लावण्याची आम्हा डॉक्टरांची एक जुनी युक्ती आहे. विसापर्यंतही दम पुरत नसेल, तर "सकाळी पाहू" म्हणू नये. गायमुखच्या घाटात वाहने खोळंबली म्हणजे काय होते, हे येथे बसलेल्या कोणास सांगावयास नको.

अशा वेळी नातेवाईक "ताकदीची एक बाटली लावा" म्हणून आग्रह धरतात. सलाईनने मज्जातंतू सावरत नाहीत. स्टेरॉइडचाही या दुखण्यात उपयोग होत नाही. उपाय दोन आहेत: रक्तद्रव बदलणे किंवा इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देणे. हे दुसरे औषध हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून तयार होते, म्हणूनच ते इतके महाग. पहिल्या दोन आठवड्यांत दिले तर त्याचे चीज होते.

सगळेच विषाणू अशी गैरसमजूत करून देतात असे नाही. काही मज्जासंस्थेतच मुक्काम ठोकतात. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी चाळीस-पन्नास वर्षे दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो, अशी समजूत आहे. लोकांनी पट्टा अगदी बरोबर पाहिला. फोड एका बाजूच्या मज्जातंतूच्या वाटेने उठतात आणि ती वाट अंगाच्या मध्यावर थांबते, म्हणून ती टोके सहसा जुळतच नाहीत. भ्यावयाचे ते फोड सुकल्यानंतर महिनोन् महिने राहणाऱ्या आगीला. पहिल्या तीन दिवसांत घेतलेले औषध फार उपयोगी पडते, आणि नेमके तेच दिवस मांत्रिकाकडे जातात. गोवराची तऱ्हा याहून वाईट. क्वचित एखाद्या मुलात तो वर्षानुवर्षे मेंदूत राहतो. मग शाळेत नीट जाणाऱ्या मुलाचे अक्षर बिघडते, हातातल्या वस्तू पडतात, अंगाला झटके येतात, आणि त्यावर बरे करणारे औषध नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, मालेगावात आणि खाडीपलीकडे भिवंडीत गोवराची साथ होती. नऊ महिन्यांची आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधली अशा त्याच्या लसीच्या दोन मात्रा फुकट मिळतात.

राहिला तो पहिला अशक्तपणा, नुसत्या थकव्याचा. २०२० च्या जूनमध्ये आमच्या रस्त्याच्या तोंडाशी, बाळकुमला, कोविडसाठी १०२४ खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभे राहिले. त्या काळात घरी परतणाऱ्यांचे टाळ्या वाजवून स्वागत होई. त्यानंतरचे कोणी पाहिले नाही. कित्येकांना फोडणीचा वास येईना. हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्यांना बेरीज जुळेना. आंघोळ केली तरी पडून राहावेसे वाटे. हातोडी मारली तर गुडघा उडे, मेंदूची छायाचित्रे निर्दोष येत, म्हणून घरचे म्हणत, मनाचे खेळ आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने या दुखण्याची रीतसर व्याख्या केली, आणि पुष्कळांना आपण खोटे बोलत नव्हतो एवढे तरी कळले. अशा माणसाला "उठ, फिर, म्हणजे बरे वाटेल" असे ढकलू नये. किती कामानंतर अंथरूण धरावे लागते ते त्याने ओळखावे आणि त्याच्या अलीकडे थांबावे.

गियाँ-बारेतून उठलेल्यांचेही असेच होते. सहा महिन्यांत बहुतेक जण आधाराशिवाय चालू लागतात. परंतु मज्जातंतूचा मूळ धागाच तुटला असेल, तर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, आणि गुडघ्यापासून अंगठ्यापर्यंत अंतर किती हे ज्याने त्याने घरी मोजून पाहावे. ते वाघबीळपुढचे गृहस्थ आता रोज कामावर जातात. स्टेशनच्या बसमध्ये बसावयास जागा नसेल तर ती सोडून देतात, आणि चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल घालतात.