तळे राखायचे कोणी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला वक्त्याने मंडळाचे कौतुक करावे असा रिवाज आहे. ते कौतुक अहवालात आलेच आहे. मी आज तुमच्याकडे एक काम मागायला आले आहे. ते काम आपल्या सिद्धेश्वराच्या तळ्याचे आहे.

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण बहुधा उपहासाने वापरतो. पण तिचा सरळ अर्थही तितकाच खरा आहे. जो राखणार नाही, त्याला चाखायला काही उरणार नाही.

आपला मुलूख कमी पावसाचा. इथे पाण्याचे मोल कुणाला समजावून सांगावे लागत नाही. नळाच्या पाळीसाठी घागरी, बादल्या, पातेली मांडून बसणे आपल्यापैकी प्रत्येकीने अनुभवले आहे. अशा या गावात बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तळे खणवले. अल्लमप्रभू त्यांना भेटायला आले तेव्हा तळ्याचे खोदकाम चालू होते, अशी कथा ‘शून्यसंपादने’त आहे. अडुसष्ट लिंगांची स्थापना करणाऱ्या या योग्याला तहानलेल्यांसाठी माती उपसणे कमीपणाचे वाटले नाही. देवळाइतकेच तळेही त्यांचे काम आहे, हे आपण विसरू नये.

पुढे बहामनी काळात शेजारी भुईकोट उभा राहिला. त्याच्या एका बाजूचे रक्षण या तळ्याच्याच पाण्याने केले. सोलापूरसाठी निजामशाही आणि आदिलशाही कितीदा झगडल्या! चाँदबिबीचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झाले तेव्हा सोलापूर आंदण म्हणून दिले गेले. १८१८ साली किल्ला इंग्रजांनी घेतला. राज्ये गेली, बुरुजांची पडझड झाली, आज किल्ल्याची देखभाल पुरातत्त्व खाते पाहते. पण तळ्याला निव्वळ पुरातन वस्तू म्हणता येत नाही, कारण ते अजून वापरात आहे.

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा डोळ्यांपुढे आणा. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. मग संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि कुंभारकन्येचे लग्न लागते. संक्रांतीला योगदंडाला तिळाचे उटणे लावून याच तळ्यात स्नान घालतात. नंदीध्वजांच्या वाटेवर रांगोळ्या कोण घालते? आपणच. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी आपल्याच चुलीवर होते. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी घरे या गर्दीत एकत्र दिसतात. तळे नुसते चित्रात उरले, तर यातले काय उरेल?

परदेशातील एका पाण्यातल्या शहराची गोष्ट सांगते. इटलीतील व्हेनिस समुद्राच्या उथळ खाडीत वसले आहे. सभोवती खारे पाणी आणि प्यायला थेंब नाही. तेव्हा तिथल्या लोकांनी चौकाचौकांत पावसाचे पाणी वाळूतून गाळून विहिरीत साठवण्याची सोय केली. खाडी गाळाने भरू नये म्हणून नद्यांचे प्रवाहसुद्धा दुसरीकडे वळवले. १९६६ सालच्या नोव्हेंबरात तिथे मोठा पूर आला आणि शहर वाचवायला सारे जग धावले. २०२० पासून समुद्राची भरती अडवायला अवाढव्य दरवाजे उचलले जातात. वाडे आणि देवळे जपण्यासाठी पुष्कळ काम झाले. पण १९५१ साली जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती, ती आता पन्नास हजारांच्याही आत आली आहेत. प्रवाशांची रीघ लागते, घरे महागतात आणि रहिवासी निघून जातात. दगड वाचले, पण रोजचे जगणे विरळ झाले.

आपल्या तळ्याच्या दुखण्याचे कारण मात्र वेगळे आहे. व्हेनिसमध्ये माणसे पाण्यापासून दूर गेली. आपण तळ्याजवळच आहोत, पण घरात नको असलेली प्रत्येक पवित्र वस्तू आपण तळ्याच्या पदरात टाकतो. निर्माल्य कुजते, तेव्हा पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे तडफडून वर येतात. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती शाडूसारखी विरघळत नाही. रंग आणि लोखंडी सळ्यांसह ती तळाशी पडून राहते. पिशवीत बांधून टाकलेल्या फुलांचे तर मातीसुद्धा होत नाही. ज्या पाण्यात योगदंडाला स्नान घालायचे, त्यातच आपण उष्टे-खरकटे ढकलत असू, तर ही भक्ती कसली?

काही बहिणी म्हणतील, “हे नगरपालिकेचे काम आहे.” गाळ काढणे आणि सांडपाणी अडवणे हे महापालिकेचेच काम आहे, आणि त्यासाठी आपण अर्ज घेऊन जायलाच हवे. पण देवघरातली फुले कुठे जातात, हे महापालिका ठरवत नाही. ते आपण ठरवतो. गणपती कुठल्या मातीचा आणायचा, हेही बहुतेक घरांत आपणच ठरवतो. म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत.

एक, मंडळाने प्रत्येक गल्लीत निर्माल्याचा वेगळा डबा ठेवावा आणि त्याचे खत करावे. ते आपल्याच तुळशीला घालता येईल. दोन, घरचा गणपती शाडूचा आणि लहान असावा. त्याचे विसर्जन बादलीत करावे आणि विरघळलेली माती पुढच्या वर्षी पुन्हा वापरावी. तीन, आपल्या सासूबाईंना आणि आज्जींना अडुसष्ट लिंगांच्या जागा, यात्रेचे मान आणि तळ्याच्या जुन्या आठवणी विचारून एका वहीत लिहून काढाव्यात. पुरातत्त्व खाते किल्ल्याचे दगड मोजेल. पण कुठल्या घरची अक्षता कुणी नेली, हे त्याच्या नोंदीत यायचे नाही. तेवढे काम आपणच करायचे.

या कामाला फार पैसा लागत नाही, रोज थोडे लक्ष द्यावे लागते. ती सवय गृहिणींना आहेच. ज्याने आठशे वर्षांपूर्वी मातीची टोपली उचलली, त्याच्या गावच्या लेकीसुनांना निर्माल्याचा डबा उचलणे जड जाऊ नये. पुढच्या वर्धापनदिनी अहवालात या कामाची एक ओळ असावी, एवढीच विनंती आहे.