वाटेत गळालेले घातांक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणाचा आरंभ आभाराने करावा असा प्रघात आहे. आम्हांस मात्र तो क्षमायाचनेने करणे प्राप्त आहे. २०२२ साली मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेस बसणाऱ्या मुलांकरिता आम्ही गणिताची एक लहानशी पुस्तिका काढली. प्रती ३०० छापल्या आणि आपल्या घरोघरी वाटल्या. पुढे वसतिगृहातील एका मुलीने आम्हांस भर वर्गात अडविले. "गुरुजी, दहाचा तिसरा घात एक हजार म्हणता, आणि पुस्तकात तर १०३ छापले आहे!" पाहतो तो खरेच. दहाच्या माथ्यावर बसविलेला तीन खाली उतरून त्याच्या शेजारी जाऊन बसला होता. शोधता शोधता अशी एकेचाळीस स्थळे निघाली. एका मुलाने शाळेच्या चाचणीत दोनाचा पाचवा घात पंचवीस असे लिहिले होते, आणि कारण विचारताच त्याने आमचीच पुस्तिका पुढे केली. बत्तीस वर्षे फळ्यापाशी उभे राहिलेल्या माणसाला त्या वेळी काय वाटले असेल, ते आपणच जाणा.

प्रथम आम्ही छापखान्यास दोष दिला. परंतु आमची एक पुतणी गणित विषय घेऊन एम्. एस्सी. करीत आहे, तिने मुद्रितापूर्वीचा सारा पत्रव्यवहार पाहून सांगितले, "काका, घातांक वाटेतच गळाले." आम्ही पुस्तिका मोबाईलवर लिहून तिचा मजकूर व्हॉट्सॲपने धाडला होता. अंक वर उचलून लहान करणे हा नेहमीच्या लेखनात केवळ पोशाख असतो. मजकूर एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवला की पोशाख मागे राहतो आणि अंक तेवढे पुढे जातात. शिवाय छापखान्यात जुन्या पद्धतीचा फाँट होता. युनिकोडमधील मराठी त्यात घातली की अक्षरांचा चिवडा होतो, म्हणून त्यांनी सारे पुन्हा टंकिले. जे आम्ही पाठविलेच नव्हते, ते त्यांनी कोठून टंकावे?

पुतणीने जो उपाय सुचविला त्याचे नाव 'टेक्'. त्याची जन्मकथा आमच्या दुःखाशी इतकी मिळतीजुळती आहे की, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात डोनाल्ड क्नूथ नावाचे प्राध्यापक होते. १९७७ साली त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघावयाची होती. नव्या यंत्रावर जुळविलेली मुद्रिते हाती येताच त्यांतील गणिताची दुर्दशा पाहून ते इतके खिन्न झाले की, ग्रंथ बाजूस ठेवून त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची पद्धत रचावयास घेतली. पुढील वर्षी तिचे पहिले रूप सिद्ध झाले, आणि ती त्यांनी जगास विनामूल्य देऊन टाकली. १९८० नंतरच्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तीवर 'लाटेक्' ही सोपी पायरी बांधली. दूरदेशीचा एवढा मोठा पंडितही मुद्रिते पाहून कपाळास हात लावतो, हे ऐकून आम्हांस, खरे सांगावयाचे तर, थोडे समाधानच वाटले.

या पद्धतीचे मर्म असे की, घातांक हा येथे पोशाख नसून मजकुराचाच भाग असतो. १० लिहावे, पुढे टोपीसारखे ^ हे चिन्ह घालावे, मग ३ लिहावा. हे कोठेही धाडा, टोपी गळत नाही. अपूर्णांकासाठी उलटी तिरकी रेघ, 'फ्रॅक' हा शब्द, मग एका महिरपी कंसात अंश आणि दुसऱ्यात छेद. कागदावर तो कसा दिसावा हे यंत्र ठरविते. खिळे जुळविणाऱ्या कारागिराचे काम ते करिते, परंतु पानावर काय असावे याचा शब्दन्‌शब्द तुम्ही सांगावा लागतो.

आमच्याजवळ संगणक नाही. चिरंजीवांनी दिलेला एक टॅब्लेट आणि हा मोबाईल, एवढेच साधन. 'ओव्हरलीफ' नामक संकेतस्थळावर मजकूर लिहिला की जुळणी तिकडेच होते आणि तयार पान पीडीएफ होऊन परत येते. मराठीकरिता मात्र 'झीलाटेक्' हा प्रकार निवडावा लागतो. त्याचे मूळ जे 'झीटेक्', ते जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये काढिले. ते युनिकोडमधील देवनागरी सरळ वाचते. त्यापूर्वी फ्रान्स वेल्थुइस या डच गृहस्थांनी १९९१ मध्ये केलेल्या सोयीत मराठी रोमन अक्षरांत लिहावी लागे.

अडचणी लपविण्यात अर्थ नाही. मोबाईलच्या कळफलकावर महिरपी कंस आणि तिरकी रेघ चिन्हांच्या आतल्या पानांत दडलेली असतात. प्रत्येकासाठी दोन-तीन टिचक्या. शब्द आपोआप सुधारण्याची सोय बंद केली नाही तर यंत्र आपल्या आज्ञांचेच शुद्धलेखन सुधारते. 'दुसऱ्या'मधला ऱ्य नीट साधला नाही तर तो सूर्यातल्या र्यासारखा उमटतो, आणि शिक्षकाच्या पुस्तकात ते शोभत नाही. एक महिरपी कंस मिटावयाचा राहिला म्हणून आम्ही एका रात्री दोन वाजेपर्यंत जागलो आहोत. सौभाग्यवतींनी, "परीक्षा मुलांची आहे की तुमची?" असे विचारले, त्यास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

तथापि कंसाची चूक बरी. यंत्र निदान ओळीचा क्रमांक सांगून अडून बसते. खरा दगा निराळाच. गणिताच्या जागेत देवनागरी अंक लिहिले तर गणिताच्या फाँटात ते नसल्यामुळे यंत्र तेथे कोरी जागा सोडते. अपूर्णांकाची रेघ उमटते, वर काही नाही, खाली काही नाही. आणि तक्रार कोठे, तर कोणी न वाचणाऱ्या नोंदवहीत! आम्ही एकदा पोळलेले असल्याने पान उजेडात धरून पाहिले, म्हणून हे ध्यानी आले. असे अंक 'टेक्स्ट' या आज्ञेच्या कंसात घालून मराठी फाँटात उमटवावे लागतात. भूमितीच्या आकृत्या मात्र आम्ही अद्याप पेन्सिलीनेच काढून त्यांची छायाचित्रे जोडतो. त्या या बोटांना साधल्या नाहीत.

नवी पुस्तिका दाराजवळच्या मेजावर ठेविली आहे. ज्यांच्या घरी जुनी प्रत असेल, त्यांनी ती कृपा करून परत आणून नवी न्यावी. जुनी धाकट्या भावंडास देऊ नये. मूळ मजकूर मंडळाच्या कार्यालयात दिला आहे, तेव्हा आमच्या पश्चातही कोणास दुरुस्ती करता येईल.

क्नूथ २००८ सालापर्यंत आपल्या ग्रंथातील चूक दाखविणारास दोन डॉलर छप्पन सेंट देत असत. २५६ म्हणजे दोनाचा आठवा घात. टेक्-मधील चुकीचे बक्षीस तर त्यांनी दरसाल दुप्पट करीत ३२७ डॉलर ६८ सेंटांपर्यंत नेले. तो कितवा घात, हे मुलांनी घरी काढावे. आमचे निवृत्तिवेतन दुपटीस पुरणारे नाही आणि छप्पन पैसे आता सुटे मिळत नाहीत. यास्तव नव्या पुस्तिकेतील प्रत्येक चुकीस, प्रथम दाखविणाऱ्या मुलास किंवा मुलीस, पाच रुपये रोख. त्या वसतिगृहातील मुलीने आज सकाळीच दहा रुपये नेले आहेत.